अर्ध्या सुताचा फरक

सायकलची चेन ताणली जात नाही. ‘चेन ताणलीय, बदलून टाका’ असे दुकानात म्हणतात ते बोलण्यापुरते ठीक आहे. चेनच्या पोलादी पट्ट्या ओढून कायमच्या लांब करण्याइतके बळ माणसाच्या पायात नसते. लांबी वाढते ती झिजेमुळे. गिअरच्या सायकलच्या चेनमध्ये साधारण एकशे दहाच्या आसपास पिना असतात. चेन दात्यांवरून वळते तेव्हा प्रत्येक पिन आपल्या भोकात थोडी फिरते, आणि प्रत्येक वेळी पिन आणि भोक दोन्ही किंचित झिजतात. एका सांध्यातली ही झीज डोळ्याला दिसत नाही. चोवीस सांध्यांची झीज एकत्र मोजली की मात्र फूटपट्टीवर दिसते.

नाशिकच्या अंबडमध्ये हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गरवारे पॉइंटपासून एक्स्लो पॉइंटपर्यंत एमआयडीसीच्या गल्ल्यांमध्ये टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंगची शेडे आहेत. तिथे काम करणाऱ्याच्या खिशात व्हर्नियर असतो आणि तोंडात ‘सूत’ हे माप. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चेनच्या दोन लगतच्या पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, साध्या काळ्या सायकलपासून बारा गिअरच्या महागड्या माउंटन बाईकपर्यंत सगळीकडे तेवढेच. म्हणजे नव्या चेनचे चोवीस सांधे बरोबर बारा इंच भरतात. स्टीलच्या फूटपट्टीचा शून्य एका पिनेच्या कडेला धरायचा आणि तिच्यापुढची चोविसावी पिन कुठे येते ते पाहायचे. चेन पेडलच्या बाजूने ओढून ताठ धरलेली हवी, नाहीतर माप खोटे येते.

पिन बारा इंचाच्या खुणेपुढे अर्धा सूत गेली, तर झीज अर्ध्या टक्क्याची झाली. एकेका सांध्याच्या वाट्याला ती पासष्ट मायक्रॉनच्या घरात येते. याच्या एक दशांश चूक झाली तरी अंबडचा ग्राइंडर ऑपरेटर जॉब बाजूला ठेवील. अकरा-बारा गिअरच्या सायकलची चेन इथेच बदलायची. सात-आठ गिअरच्या सायकलला पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरपर्यंत, चालवून घेता येते. एक सूत पुढे गेली तर चेनबरोबर मागचे दातेही गेले असे समजावे.

दाते कसे जातात, हे पाहण्यासारखे आहे. नव्या चेनचा भार एकाच वेळी बऱ्याच दात्यांवर वाटला जातो. लांबलेली चेन दात्यांच्या खोबणीत नीट बसत नाही, ती थोडी वर चढून बसते आणि ओढ मोजक्या दात्यांवर पडते. हे दाते एका अंगाने खरवडून आकड्यासारखे वाकडे होतात. मग नवी चेन बसवली की ती या जुन्या दात्यांवर जुळत नाही. चढावर जोर लावला की ‘खट्ट’ करून सटकते आणि गुडघा हँडलवर आपटतो. साधी चेन शेकड्यांत येते, मागच्या दात्यांची चांगली कॅसेट हजारांत. सायकलच्या घरगुती अर्थशास्त्रात चेन वेळेवर बदलण्याएवढा स्वस्त सौदा दुसरा नाही, पण फूटपट्टी लावायचा कंटाळा बहुतेकांना नडतो.

नाशिकचे नाव सायकलिंगमध्ये झाले ते रस्त्यावरच्या सायकलींनी. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. दोन वर्षांनी लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पार केली. अंबड-सिडकोच्या जिन्याखाली मात्र बहुतेक करून माउंटन बाईकच उभी दिसते. ती घेण्यामागे डोंगर क्वचितच असतो. कारखान्याच्या वाटेवरचे खड्डे आणि डांबराच्या कडेचा मुरूम हेच खरे कारण, आणि जाड टायरला ते पुरेसे आहे. रविवारी मग ती विल्होळीच्या माळावर नाहीतर अंजनेरीच्या पायथ्याला जाते. तिथे तिची खरी परीक्षा होते.

परीक्षक आहे सह्याद्रीचा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड झिजून मुरूम होतो, मुरमाची धूळ होते. बेसाल्टमधले फेल्डस्पार मोह्सच्या काठिण्यमापावर ६ च्या आसपास, तर दगडाच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी ७. साध्या पोलादाला हे कण सहज ओरखडतात. चेनची पिन पाणी दिलेली, म्हणजे कठीण केलेली असते. पण तेलात कालवलेली धूळ सांध्यात महिनोन्महिने फिरत राहिली तर तिचाही निभाव लागत नाही. वर्कशॉपमध्ये दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून जुळवायला जी लॅपिंग पेस्ट वापरतात, ती अशीच असते: तेल आणि कठीण बारीक कण. सायकलला भरभरून तेल घालणारा ती पेस्ट घरीच तयार करत असतो.

तेल लागते ते पिन आणि रोलरच्या आत, बाहेर नाही. म्हणून आधी चेन डिझेलने किंवा डिग्रीजरने धुऊन पूर्ण वाळवायची. मग प्रत्येक रोलरवर एकच थेंब. पेडल उलटे फिरवत दोन मिनिटे थांबले की केशाकर्षणाने तेल आपोआप फटीत शिरते. त्यानंतर कोरड्या फडक्याने चेन बाहेरून इतकी पुसायची की बोटाला जेमतेम ओशटपणा लागावा. शिलाई मशीनचे तेल यासाठी फार पातळ, लवकर उडते. फवाऱ्याच्या डब्यातले डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला उत्तम. ते १९५३ मध्ये बनवले गेले तेच मुळी धातूवरचे पाणी हटवण्यासाठी. चेनचे वंगण म्हणून ते टिकत नाही आणि त्याचा फवारा ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर भलतेच होते.

उन्हाळ्यात मेणाचा पर्याय चांगला. वितळलेल्या पॅराफिन मेणात धुतलेली चेन बुडवून काढली की थंड झाल्यावर बाहेरून कोरडी राहते, धूळ चिकटत नाही. मेण थेट विस्तवावर ठेवायचे नाही. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवायचे. जुलैत इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात मात्र हे मेण फार टिकत नाही, तिथे दाट तेलच हवे. पावसाळ्यात दुसरा त्रास काळ्या मातीचा. तिच्यातले चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे पाणी शोषून फुगतात आणि टायर व फ्रेमच्या मधे अशी माती थापली जाते की चाक फिरेनासे होते. नक्षी विरळ असलेला टायर ती फेकून देतो. दाट नक्षीचा धरून ठेवतो.

  

सुटे भाग घेताना सगळ्यात मोठी फसगत टायरमध्ये होते. ‘सव्वीसचा टायर द्या’ म्हटले की दुकानदार देतो, घरी येऊन बसत नाही. कारण २६ × १ ३/८ चा टायर ज्या रिमवर बसतो तिचा व्यास ५९० मिलिमीटर, आणि माउंटन बाईकच्या २६ × २.१ ला लागतो ५५९. दोन्हींचे नाव सव्वीस, फरक तीन सेंटीमीटरचा. साडेसत्तावीसला ५८४ लागतो आणि एकोणतीसला ६२२. जुन्या काळ्या अठ्ठावीस इंची सायकलचा ६३५ असल्याने तो एकोणतीस ‘इंचां’पेक्षा मोठा निघतो! टायरच्या बाजूवर ‘५४-५५९’ अशी जोडी छापलेली असते. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास. दुकानात जाताना हीच जोडी लिहून न्यावी.

तीच गोष्ट सीटपोस्टची. २७.२, ३०.९, ३१.६ अशी त्याची मापे असतात. दोन-तीन दशांश मिलिमीटर बारीक पोस्ट आवळून बसवला तर काही दिवसांत सीट खाली उतरू लागते. व्हर्नियर असलेल्याला ही चूक होऊच नये. चेनही गिअरच्या संख्येप्रमाणे घ्यावी लागते: आठ गिअरच्या चेनची बाहेरून रुंदी सात मिलिमीटरच्या वर, बाराच्या चेनची सव्वापाचच्या आसपास. आणि मागच्या चाकावर आट्यांवर फिरवून बसवलेले फ्रीव्हील आहे की खाचांवर सरकवलेली कॅसेट, हे पाहिल्याशिवाय मागचे दाते विकत घेऊ नयेत. दोन्हींची हबच वेगळी असते.

‘डबल सस्पेन्शन’च्या मोहाबद्दलही एक मत. स्वस्त सायकलच्या मधोमध बसवलेली ती स्प्रिंग मुलांना फार आवडते. पण पेडल मारताना ती दबते, जोराचा काही भाग त्यातच जिरतो, सायकल जड होते आणि सांध्यांचे बुश सैल झाले की सुटे भाग मिळत नाहीत. तेवढ्याच पैशांत साधी, मागे स्प्रिंग नसलेली फ्रेम आणि बरे ब्रेक घेतलेले कधीही चांगले.

ब्रेकचे महत्त्व तर माउंटन बाईकच्या जन्मापासून आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरांनी जुन्या जाडजूड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावल्या. पहिली २१ ऑक्टोबर १९७६ ला झाली. उतार सुमारे तीन किलोमीटरचा, उंचीतला फरक चारशे मीटर. त्या सायकलींना पेडल उलटे दाबून मागच्या हबमध्ये लागणारा ब्रेक होता. खाली पोचेपर्यंत हब इतकी तापायची की आतले ग्रीस जळून धूर व्हायचा, आणि पुढच्या फेरीआधी ती उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागायचे. त्या उताराचे नावच पडले ‘रीपॅक’. यातल्याच जो ब्रीझने, आणि मग टॉम रिचीनेही, पुढे खास डोंगरासाठी फ्रेमी बनवल्या.

या उष्णतेचा हिशेब सोपा आहे. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो, उतार शंभर मीटर उंचीचा. तर सुमारे ८३ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. पाव लीटर पाणी उकळीला आणायला तेवढी पुरते. वाऱ्याने घेतलेला वाटा सोडला तर उरलेली बहुतेक डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणून उतारावर ब्रेक सतत अर्धवट धरून ठेवू नये. जोरात लावून सोडावा, मधल्या वेळात डिस्क निवते. रेझिनचे पॅड आवाज करत नाहीत पण चिखलात भराभर झिजतात. धातूचे पॅड टिकतात, मात्र काही डिस्कवर, म्हणजे रोटरवर, ‘रेझिन पॅड ओन्ली’ असे कोरलेले असते. त्यांवर धातूचे पॅड लावले तर रोटरच खाल्ला जातो. शिमानोचे रोटर नवे असताना १.८ मिलिमीटरचे असतात, दीडवर आले की बाद. हेही व्हर्नियरचेच काम. रोटरला बोट लावू नये. लागलेच तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावे.

हायड्रॉलिक ब्रेक असेल तर शेजारच्या गॅरेजमधले गाडीचे ब्रेक ऑइल घालायचा मोह टाळावा. शिमानोच्या ब्रेकला खनिज तेल लागते. गाडीचे डॉट तेल ग्लायकॉलच्या जातीचे, शिमानोच्या ब्रेकमधली सिले ते फुगवून निकामी करते.

हवेबाबत लोकांचा कल ‘टाइट भर’ असाच. मागच्या चाकावर पंचेचाळीस किलो भार आणि ३३ पीएसआय हवा असेल तर टायर सुमारे १९ चौरस सेंटीमीटर जमीन धरतो. आगपेटीच्या वरच्या बाजूपेक्षा किंचित जास्त. हवा दुप्पट केली की हे क्षेत्रफळ निम्मे, आणि सैल मुरमावर सायकल घसरते. फारच कमी ठेवली तर दगडावर आपटून ट्यूब रिमच्या दोन कडांत चेपते आणि शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. पावसाळा सरल्यावर माळावर सराटे वाळतात, तेव्हा पंक्चर हवेच्या मापावर अवलंबून राहत नाहीत. ठिगळ लावताना सोल्यूशन चार-पाच मिनिटे वाळू द्यावे. ओले असताना दाबलेले ठिगळ उन्हात सुटते.

घरच्या दुरुस्तीत सर्वाधिक नुकसान होते ते जास्त आवळल्याने. स्टेमच्या बोल्टवर ‘५ एनएम’ लिहिलेले असते. दहा सेंटीमीटर लांब अ‍ॅलन कीच्या टोकाला पाच किलो वजन टांगावे, तेवढाच तो जोर. टॉर्क रेंच नसेल तर की आखूड बाजूने, दोन बोटांनी धरावी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून पाना लावणाऱ्यांनी कित्येक क्रँक निकामी केले आहेत. उलटे आटे मुद्दाम दिलेले आहेत: पेडलवरचा भार फिरत राहतो तेव्हा दांडा भोकाच्या आतल्या कडेवर किंचित उलट दिशेने लोळत जातो, आणि सरळ आटे असते तर डावे पेडल चालता चालता सैल झाले असते.

गिअर अडकू लागले तर आधी केबल पाहावी आणि मग गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर. हा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा मुद्दामच मऊ ठेवलेला असतो. सायकल उजव्या कुशीवर पडली तर तो वाकतो, फ्रेम वाचते. बऱ्याच फ्रेमींचा हँगर वेगळा आणि जुन्या मॉडेलचा बाजारात सापडत नाही, म्हणून सायकल घेतानाच एक जादा घ्यावा. नाही मिळाला तर वाकलेला नमुना घेऊन अंबडच्या एखाद्या मिलिंग शेडमध्ये जाता येते. डिरेलरचा आटा १० मिलिमीटर व्यासाचा आणि एक मिलिमीटर पिचचा असतो, तेवढा टॅप आहे का ते आधी विचारून घ्यावे.