ऑफर लेटर हातात, मग नर्सचा अमेरिकेचा व्हिसा अडतो कुठे?

ईदच्या नमाजनंतर गळाभेटी चालू असताना आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा आम्हाला बाजूला घेऊन गेले. मोबाइलमध्ये जपून ठेवलेले एक पत्र त्यांनी दाखवले. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाचे ऑफर लेटर, २०२२ सालचे.

"सर, पोरीनं नर्सिंगची परीक्षा पास केली, इंग्रजीची पास केली, हॉस्पिटलनं नोकरी दिली. चार वर्षं होत आली. एजंट म्हणतो, पुढच्या महिन्यात होईल. तिच्याच वर्गातली दुसरी तर कधीच गेली. आमच्या पोरीचं काय चुकलं?"

काहीच चुकले नाही. दोघी आमच्याच वर्गात शिकल्या, दोघींनी मुंबईत नोकरी केली, दोघींचे अर्ज २०२२ मध्येच गेले. दोघींचा पासपोर्ट भारतीय. फरक एकच. एकीचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या गावात झाला. दुसरीचा जन्म कुवेतमध्ये, कारण तिचे अब्बा तेव्हा तिथे नोकरीला होते. कुवेतमध्ये जन्मलेली २०२४ मध्ये अमेरिकेला गेली. गावात जन्मलेली अजून रांगेत आहे.

हे ऐकून अब्बांचा विश्वास बसला नाही. आम्हालाही पहिल्यांदा बसला नव्हता. आपल्या बऱ्याच घरांत आता मुली जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करत आहेत, आणि अमेरिकेच्या नावावर लाखो रुपये एजंटच्या हातात जात आहेत. म्हणून ही रांग नेमकी कशी चालते, ते समजून घेऊ.

आधी परीक्षा, मग अर्ज

अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचे तर एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा द्यावी लागते. तिचे केंद्र मुंबईतही आहे. त्याबरोबर इंग्रजीची परीक्षा आणि व्हिसास्क्रीन नावाचे प्रमाणपत्र लागते. मुलीचे शिक्षण, परवाना आणि इंग्रजी तपासून ते दिले जाते. हे सगळे मुलीच्या मेहनतीवर आहे, आणि आपल्या मुली ते करून दाखवतात.

पुढचे काम रुग्णालयाचे. ते अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे आय-१४० हा अर्ज भरते. बाहेरच्या माणसाला कायम नोकरी द्यायची तर एरवी मालकाला आधी जाहिरात देऊन सिद्ध करावे लागते, की या कामासाठी योग्य अमेरिकी माणूस मिळत नाही. नर्सच्या बाबतीत ही लांबलचक पायरी माफ आहे. नर्सची टंचाई आहे, हे तिथल्या कामगार खात्याने आधीच मान्य केले आहे. 'शेड्यूल ए' नावाच्या यादीत नर्स आणि फिजिओथेरपिस्ट हे दोन व्यवसाय त्यासाठीच ठेवले आहेत.

आता गंमत बघा. नर्सची गरज आहे हे सरकारला मान्य आहे. पण व्हिसाच्या रांगेत नर्ससाठी वेगळी खिडकी नाही.

एकच रांग, आणि तीही देशवार

नोकरीच्या आधारावर कायम राहण्यासाठी अमेरिका वर्षाला सुमारे १,४०,००० व्हिसा देते. हा आकडा १९९० च्या कायद्याने ठरला. त्याचे पाच गट आहेत. नर्स बहुतेक करून तिसऱ्या गटात येते, त्याला ईबी-३ म्हणतात. या गटाच्या वाट्याला साधारण ४०,००० व्हिसा येतात, आणि त्यातच इंजिनिअर, अकाउंटंट, कुशल कारागीर असे सगळे असतात.

त्यात आणखी एक अट आहे. कोणत्याही एका देशाला साधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही. म्हणजे ईबी-३ मध्ये भारताच्या वाट्याला वर्षाला सुमारे २,८००. एवढ्या मोठ्या देशालाही तेवढेच, आणि एखाद्या चिमुकल्या देशाची मर्यादाही तेवढीच. इतर देशांचे क्रमांक उरले तर मागच्यांना मिळू शकतात, पण त्याचा भरवसा नाही.

शिवाय नवरा आणि मुलेही याच आकड्यात मोजली जातात. एका नर्सबरोबर नवरा आणि एक मूल गेले की तीन क्रमांक संपले. या हिशेबाने वर्षाला जेमतेम नऊशे-साडेनऊशे कुटुंबे. आणि या रांगेत आपल्या मुलीच्या पुढे भारतातले कॉम्प्युटर इंजिनिअर वर्षानुवर्षे उभे आहेत.

इंजिनिअर आणि नर्स यांच्या थांबण्यातही फरक आहे. इंजिनिअर बहुधा एच-१बी व्हिसावर अमेरिकेतच असतो. तो तिथे पगार घेत, मुलांना शाळेत घालत वाट बघतो. साध्या नर्सच्या नोकरीला एच-१बी सहसा मिळत नाही, कारण त्या व्हिसासाठी किमान पदवी लागणारे काम हवे, आणि नर्सचा परवाना तिथे पदवीशिवायही मिळतो. पूर्वी नर्ससाठी वेगळे तात्पुरते व्हिसा होते. ते १९९५ आणि २००९ मध्ये बंद झाले. म्हणून नर्स बाहेर, आपल्या घरी बसून वाट बघते.

तारीख पुढे जाते, मागेही येते

रुग्णालयाचा आय-१४० अर्ज खात्याकडे पोचला, ती तारीख म्हणजे मुलीची प्रायॉरिटी डेट. रेशन दुकानाच्या रांगेतला नंबरच समजा. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढते. त्यात प्रत्येक गटापुढे आणि देशापुढे एक तारीख असते. आपली तारीख तिच्या आधीची असेल तरच व्हिसा मिळतो.

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत ईबी-३ मध्ये भारतासाठी २०१३ साल चालू होते. बाकीच्या बहुतेक देशांसाठी २०२३ साल चालू होते. दहा वर्षांचे अंतर! २०२२ ची तारीख असलेली कुवेतमध्ये जन्मलेली मुलगी का गेली आणि गावातली का थांबली, याचे उत्तर एवढ्यात आले.

"मग २०१३ ते २०२२, नऊ वर्षं थांबायचं?" असे अब्बांनी विचारले. तेही खात्रीने सांगता येत नाही. ही तारीख कॅलेंडरसारखी चालत नाही. कोरोनाच्या काळात वकिलाती बंद होत्या, कुटुंबाच्या गटातले व्हिसा उरले, ते नोकरीच्या गटात आले. २०२१ आणि २०२२ या दोन्ही आर्थिक वर्षांत नोकरीचे व्हिसा अडीच लाखांच्या वर गेले. तेव्हा भारताची तारीख पुढे धावली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती १ जानेवारी २०१४ होती. पुढच्याच महिन्यात ती १५ जानेवारी २०१२ वर आली. एका महिन्यात रांग दोन वर्षांनी मागे! २०२५ संपत आले तरी ती २०१४ पर्यंत परत पोचली नव्हती.

हे दुखणे फक्त आपले नाही. अमेरिकेला सगळ्यात जास्त परदेशी नर्स पुरवणाऱ्या फिलिपाइन्सच्या मुलीही यात अडकल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये तर ईबी-३ चे त्या वर्षाचे व्हिसाच संपले आणि १ ऑक्टोबरला नवे आर्थिक वर्ष सुरू होईपर्यंत सगळ्याच देशांचे काम थांबले.

पासपोर्ट नाही, जन्मस्थान

रांग कोणत्या देशाची, हे जन्म कुठे झाला त्यावर ठरते. नागरिकत्व किंवा सध्याचा पत्ता बघत नाहीत. म्हणून गावात जन्मलेली मुलगी दहा वर्षे रियाधमध्ये नोकरी करत असली, तरी ती भारताच्याच रांगेत. आणि कुवेत, मस्कत, दुबईत जन्मलेली मुलगी आयुष्यभर कोकणात वाढली, तरी ती त्या देशाच्या रांगेत.

आपल्या भागात आखाती देशांत जन्मलेली मुले घरोघरी आहेत. त्यांचा तिथला मूळ जन्मदाखला जपून ठेवा. "इथला आधार आहे ना" म्हणून तो ट्रंकेत कुजू देऊ नका.

आणखी एक नियम कमी लोकांना माहीत आहे. नवरा-बायको एकत्र जात असतील तर जोडीदाराच्या जन्मस्थानाची रांग धरता येते. मुलगी भारतात जन्मली आणि नवरा कुवेतमध्ये, तर तिला कुवेतची रांग मिळू शकते. मुलांच्या जन्मस्थानाचा फायदा आईबापांना मात्र मिळत नाही. हे वाचून कुणी स्थळ बघताना आधी जन्मदाखला मागू नये, एवढी विनंती!

थांबण्याची खरी किंमत

रांग थांबते, पण कागदांची मुदत थांबत नाही. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचे गुण २ वर्षे चालतात. व्हिसास्क्रीन ५ वर्षे. मूल २१ वर्षांचे झाले की ते आईच्या अर्जातून बाहेर पडू शकते. २००२ च्या एका कायद्याने अर्ज तपासण्यात गेलेले दिवस मुलाच्या वयातून वजा होतात, पण रांगेत गेलेली सगळी वर्षे वजा होत नाहीत.

त्याहून मोठी किंमत घरात मोजली जाते. आमच्या या विद्यार्थिनीने "आता जायचंच आहे" म्हणून मुंबईतली नोकरी सोडली. अम्मीच्या बांगड्या गहाण पडल्या. दोन चांगली स्थळे "व्हिसा आल्यावर बघू" म्हणून परत गेली. एजंटने साडेतीन लाख घेतले आणि पावती दिली पन्नास हजारांची. रांग किती लांब आहे, हे त्याने एकदाही सांगितले नाही.

मग करायचे काय?

पहिले, पोरीची प्रायॉरिटी डेट विचारून घ्या आणि आय-१४० मंजूर झाल्याच्या कागदाची प्रत आपल्याकडे ठेवा. उद्या रुग्णालयाने माघार घेतली आणि दुसऱ्या रुग्णालयाने नवा अर्ज भरला, तरी मंजूर अर्जाची जुनी तारीख सहसा टिकते. तो कागद म्हणजे चार वर्षांची कमाई आहे.

दुसरे, व्हिसा बुलेटिन स्वतः बघा. ते इंटरनेटवर फुकट असते. ईबी-३ च्या ओळीत भारताचा रकाना बघायचा, झाले. दहावीचे पोरही बघून सांगेल.

तिसरे, "जादा पैसे भरा, प्रीमियममध्ये लवकर होईल" यावर भुलू नका. प्रीमियम फी भरली की आय-१४० चा निकाल १५ कामाच्या दिवसांत येतो, एवढेच. रांगेतला नंबर एकानेही पुढे सरकत नाही. तो सरकवण्याची ताकद कोणत्याही एजंटमध्ये नाही. "नवा कायदा येतोय" हेही जपून ऐका. २००५ मध्ये संसदेने न वापरलेले ५०,००० व्हिसा नर्सच्या गटासाठी दिले होते, हे खरे. पण नर्स आणि डॉक्टरांसाठी तसेच विधेयक २०२० पासून पुन्हा पुन्हा मांडले गेले, आणि २०२५ पर्यंत त्याचा कायदा झाला नव्हता.

चौथे, एजंट सरकारकडे नोंदवलेला आहे का, ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जेवढे पैसे द्याल तेवढ्याची पावती घ्या. करारात नोकरी सोडल्यास दंड किती, हे सहीच्या आधी वाचा.

पाचवे, पोलिसांचा दाखला आणि मेडिकल घाईने करू नका. मुलाखत जवळ आली की करा, नाही तर मुदत संपून पुन्हा खर्च.

सहावे, नोकरी सोडू नका आणि लग्न अडवू नका. रांगेत असताना लग्न झाले तरी नवऱ्याचे नाव पुढे जोडता येते. अनुभव वाढला तर तो सौदीत, ब्रिटनमध्ये, जर्मनीत, कुठेही उपयोगी पडतो. ब्रिटनमध्ये नर्सच्या व्हिसाला अशी देशवार मर्यादा नाही. तिथे अडचण आहे ती नोकरी मिळण्याची. जर्मनीत अडचण भाषेची आहे, परवान्यासाठी साधारण बी-२ पातळीची जर्मन लागते. आखातात प्रोमेट्रिक परीक्षा आणि डेटाफ्लोची कागद तपासणी असते.

या तपासणीबद्दल एक कबुली आम्हा शिक्षकांचीही. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीत दुसरे, पासपोर्टवर तिसरे. 'शेख' कुठे पुढे, कुठे मागे, कुठे गायब. दाखला लिहिताना आम्ही केलेली एका अक्षराची चूक पोरीला महिनाभर थांबवू शकते. घरात दहावीची मुलगी असेल तर नाव आत्ताच तपासून दुरुस्त करून घ्या.

त्या अब्बांना आम्ही हे सगळे दुपारी शीरखुर्मा खाता खाता कागदावर लिहून दिले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पोर नापास नाही." आम्ही म्हटले, नाही, कधीच नव्हती. त्यांनी आत हाक मारली. मुलगी बाहेर आली, कागद वाचला आणि म्हणाली, "सर, चार वर्षं मला वाटत होतं मुलाखतीला बोलवत नाहीत म्हणजे माझ्याच पेपरात काहीतरी कमी आहे."

पुढच्या आठवड्यात तिने मुंबईतल्या जुन्या वॉर्डात परत अर्ज केला. अमेरिकेची तारीख तिच्या नावावर आहेच. ती येईल तेव्हा येईल, तोवर तिचा पगार चालू राहील.