उन्हात तापलेली काडतुसं

ठासणीच्या बंदुकीचं दुखणं ओलाव्याचं होतं. काळी दारू सर्दावली की बार व्हायचा नाही. ऊन-थंडीचं तिला फारसं काही नसे. ऊन शिकाऱ्याच्या मुळावर आलं ते कॉर्डाइट ही नवी दारू आल्यानंतर.

१८८९ साली एबल आणि ड्यूअर या रसायनशास्त्रज्ञांनी कॉर्डाइटचं पेटंट घेतलं. ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन. तेव्हाचं काडतूस उघडलं तर आत भुकटी नाही, तपकिरी शेवयांची जुडी निघते. धूर नावालाच, जोर मात्र कितीतरी जास्त. १८९८मध्ये रिगबी या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस काडतूस आणलं: ७० ग्रेन कॉर्डाइट, ४८० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर.

विलायतेच्या गारव्यात मोजून भरलेली ही दारू हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत आली आणि तिचा स्वभाव कळला. दारू जितकी तापलेली, तितकी ती भराभर जळते. दाब चढतो, गोळीचा वेग वाढतो. लोक नेम चुकण्याबद्दल बोलतात. मला त्याहून भयंकर वाटते ती अडकलेली पुंगळी. दाब वाढला की पितळ फुगून चेंबरला घट्ट चिकटतं. रायफल उघडावी तर पुंगळी जागची हलत नाही, आणि वीस पावलांवर जखमी गवा वळलेला असतो.

कारागिरांनी उपाय काढला तो साधा. पुंगळी ऐसपैस ठेवायची, म्हणजे दाब मुळातच कमी. आणि उष्ण मुलखासाठी दारू थोडी कमी भरून ‘ट्रॉपिकल’ काडतुसं वेगळी करायची. १९११च्या .४१६ रिगबीची भलीमोठी पुंगळी याच विचारातली.

दुनळीचं गणित आणखी नाजूक. तिच्या दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी मारतात त्या एका ठरावीक भरणीलाच. म्हणून ती भरणी रायफलवरच कोरलेली असे. ऊन लागून वेग वाढला की धक्क्याने नळी बाजूला सरकण्याआधीच गोळी निसटते. मग उजव्या नळीची गोळी डावीकडे जाते, डावीची उजवीकडे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून आपल्याकडची शिकार थांबत गेली, आणि ते योग्यच झालं. प्रश्न जगाच्या उत्तरेकडच्या थंड मुलखात मात्र राहिला, तोही उलट बाजूने. ३५ अंशांत नेम बसवलेली रायफल उणे १५ अंशांत नेली की जुन्या दारूचा वेग सेकंदाला पंचवीसेक मीटर घटू शकतो. त्यात थंड हवा दाट, गोळीला अडवणारी. तीनशे मीटरवर गोळी साधारण तीन बोटं खाली लागते. ज्याला तीन बोटं किरकोळ वाटतात, त्याने मोडक्या पायाने रान तुडवत गेलेल्या हरणाचा माग काढलेला नसतो.

दारू कमी भरण्याऐवजी दारूच बदलायची, हे पुढे जमलं. ऑस्ट्रेलियात बनणारी आणि हॉजडन कंपनी विकते ती ‘व्हार्गेट’ किंवा ‘एच ४३५०’ ऊन-थंडीत वेग बराच स्थिर ठेवते.

कॉर्डाइटच्या काळातल्या दुनळ्या मात्र अजून हयात आहेत, आणि त्यांच्यावर कोरलेली दारू आता बाजारात नाही. त्यांचे मालक नवी दारू थोडी थोडी वाढवत, उजवी-डावी नळी आळीपाळीने झाडत बसतात, कागदावरची दोन भोकं शेजारी येईपर्यंत. आणि काडतुसांचा डबा सावलीत ठेवतात.