घर विकण्यापूर्वी
अमेरिकेत घर विकायला काढले की नवे किचन करून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा, तो खर्च सहसा पुरता वसूल होत नाही. आपल्या घरांत आधी घालवायचा तो मुरलेला फोडणीचा वास. तेलाची वाफ भिंतींवर बसते. वरून नुसता रंग दिला तर वास पुन्हा डोके काढतो. म्हणून भिंती साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, वाळल्यावर खिडक्या उघडून शेलॅकचा प्रायमर लावावा, मग फिकट रंग. एका गॅलनमध्ये सुमारे ३५० चौरस फूट होतात. घर १९७८ पूर्वीचे असेल तर जुना रंग खरवडू नये. त्यात शिसे असू शकते. शेवटी भिंतीवरचे फोटो उतरवावेत, देवघर कपाटात हलवावे. जिवावर येते खरे. पण पाहणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार दिसला पाहिजे.