शाकारणीला आलेला शेजारी पडला तर?

पाऊस तोंडावर आला की पोशेरा, खोडाळा भागात घरोघरी शाकारणीची घाई सुरू होते. मजूर लावण्याची ऐपत सर्वांचीच नसते. आज शेजारी आपल्या छपरावर चढतो, उद्या आपण त्याच्या. अशा कामात कुणी पडला की दवाखान्यात मला बहुधा एकच उत्तर मिळते : "डॉक्टर, रस्त्यात पाय घसरला."

घरधन्यावर पोलीस केस होईल, या भीतीने जखमी शेजारीच खोटे सांगतो. त्यातला चांगुलपणा मला कळतो, पण किंमत त्यालाच मोजावी लागते. उंचावरून पायांवर पडलेला माणूस टाच दुखते म्हणून येतो. दहा-बारा फुटांवरून पडला हे कळले, तर आम्ही कमरेच्या मणक्यांचाही एक्स-रे काढायला सांगतो, कारण टाचेला बसलेला दणका वर जाऊन मणका चेपू शकतो. रस्त्यात घसरलेल्याचा मणका कोण तपासणार? डाव्या बरगडीखाली मार लागून प्लीहा फाटली, तर रक्त पोटात साचत राहते. बाहेर ओरखडाही दिसत नाही.

आता कायद्याचे. मी वकील नाही, पण एवढे प्रत्येकाला माहीत हवे. आपल्या घरी कुणी पडला म्हणून घरमालक आपोआप दोषी ठरत नाही. प्रश्न निष्काळजीपणाचा असतो. वासा कुजला आहे हे ठाऊक असून चढणाऱ्याला सांगितले नाही, तर दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते. दुरुस्तीच्या वेळी घराचा भाग कोसळून कुणाच्या जिवाला धोका होऊ नये, याची काळजी न घेणे हा गुन्हाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम २९० आहे. पाळलेला कुत्रा शेजाऱ्याला चावू नये म्हणून काळजी न घेणाऱ्यासाठी पुढचेच कलम २९१ आहे.

डॉक्टर पोलिसांना कळवतो ती नोंद असते, आरोप नव्हे. आधी उपचार, कागद मागाहून, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. शेजाऱ्यांना आपसांत खर्चाचा समझोता करायचा तर खुशाल करावा. तपासणीआधी मात्र नको. शिवाय अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तशी तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. चौकशी तालुका विधी सेवा समितीकडे करावी.

पडलेल्याला हातापायांना धरून झोळीसारखे उचलू नका. डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, तिघाचौघांनी मिळून त्याला फळीवर किंवा काढलेल्या दारावर घ्या आणि मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. "पाणी पाज, चहा दे" असा आग्रह नको. शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामे बरे. डोक्याला मार असेल आणि घरी पाठवले असेल, तर पहिली रात्र कुणीतरी जवळ थांबावे. उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, जागे करूनही न उठणे, यांपैकी काहीही दिसले तर पहाटेची वाट पाहू नका.