घरचंच भूत

मराठी रहस्यकथा आणि भयकथांमधलं चांगलं काय, असं कुणी विचारलं की यादी पटकन तयार होते. पण 'पाठलाग' (1964) ते 'तुंबाड' (2018) हा सगळा पट नजरेखालून घातला, तर एक गोष्ट ठळक दिसते. यातल्या टिकलेल्या गोष्टींत संकट बाहेरून येत नाही. ते घरातच असतं, नात्यागोत्यातलं असतं, आणि बहुतेकदा त्याचं मूळ वडिलोपार्जित हावरटपणात किंवा घरातल्या बाईवर झालेल्या अन्यायात सापडतं.

यावर पहिला आक्षेप बाबूराव अर्नाळकरांच्या नावाने येईल, आणि तो रास्त आहे. हजाराहून अधिक रहस्यकथा, झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू हे नायक: वाचनालयांच्या फळ्या ज्यांनी रिकाम्या केल्या ते हेच. पुढे सुहास शिरवळकर, गुरुनाथ नाईक यांनी तो वेग चालू ठेवला. वाचनाची गोडी लावण्याचं त्यांचं ऋण मोठं आहे, आणि त्यांना दुय्यम ठरवणाऱ्या समीक्षेने स्वतःचंच नुकसान करून घेतलं. तरीही गुन्हेगार सापडला की या पुस्तकांचं काम संपतं. प्रवासाला जाताना अर्नाळकर न्यावा. परतल्यावर पुन्हा उघडाल असं नाही.

'पाठलाग' मात्र उत्तर कळल्यावरही बघवतो. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा राजा परांजपे यांचा हा चित्रपट. बायको गेली आहे, आणि अगदी तिच्यासारखी दिसणारी एक आरोपी, वकील असलेल्या नवऱ्यासमोर उभी राहून मीच तुमची बायको म्हणते. फक्त त्या दोघांनाच ठाऊक असाव्यात अशा गोष्टी ती भर न्यायालयात बोलू लागते, आणि उलटतपासणी घेणाऱ्याचीच तपासणी होते. त्या प्रसंगात पिस्तूल नाही, अंधार नाही. एका संसाराची खासगी माहिती चारचौघांत येते, एवढ्यावर सगळा ताण पेललेला आहे.

दुसरा आक्षेप उसनवारीचा. नारायण धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण देणंघेणं एकतर्फी नव्हतं. 'पाठलाग'वरून राज खोसलांनी 1966 मध्ये 'मेरा साया' केला; विशाल फुरियांनी आपल्याच 'लपाछपी'चा (2017) 2021 मध्ये हिंदीत 'छोरी' केला. 'तुंबाड' या हिंदी चित्रपटामागे तर धारपांचीच कथा आहे. साखळीने बांधलेली, खाऊ घालून झोपवून ठेवायची ती म्हातारी बाहेरची चेटकीण नाही, कुटुंबातलीच आहे. सोन्याच्या मुद्रांच्या लोभापायी बाप पोटच्या पोराला हस्तर हा राक्षस असलेल्या गर्भगृहात उतरवतो, तेव्हा हस्तरपेक्षा बापाचीच धास्ती वाटते. 2024 मध्ये हा चित्रपट पुन्हा लागला आणि मूळ प्रदर्शनापेक्षा जास्त गल्ला जमवून गेला, यात नुसत्या अक्राळविक्राळ राक्षसाचं श्रेय कितीसं असणार?

वाडे पडले, आता फ्लॅटमध्ये कसली भुतं, असंही कुणी म्हणेल. त्याला उत्तर रत्नाकर मतकरींनी आधीच देऊन ठेवलं आहे. 'गहिरे पाणी'सारख्या संग्रहातलं गूढ मध्यमवर्गीय माणसांच्या मनात शिरतं. त्याला तुळया-माळवद लागत नाही. 'लपाछपी'तही वाडा नाही. उसाच्या फडात चकवा लागावा तशी फिरणारी गरोदर नेहा, आणि आईच्या मायेने तिला भरवणारी तुळसाबाई. उषा नाईक यांनी ती इतकी सोज्वळ ठेवली आहे की भीती प्रेमळपणाचीच वाटू लागते. स्त्रीभ्रूणहत्येवर असंख्य पथनाट्यं झाली असतील. एवढा घाम कुणी फोडला नसेल. शेवटाकडे चित्रपट थोडा प्रचारकी होतो, ते सोसून घ्यावं.

सुरुवात करायचीच तर मतकरींच्या कथांपासून करा, मग धारप. आणि 'पाठलाग' बघायचा असेल, तर त्याआधी 'मेरा साया' बघू नका. कोडं तेच आहे, आणि त्याचं उत्तरही तेच.