वसईचे फादर आणि छत्रीबागेतलं आमचं घर

आमच्या छत्रीबागेत सहस्रचंद्रदर्शन, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असे सोहळे अधूनमधून होतच असतात. सकाळी पूजा, दुपारी श्रीखंड-पुरी आणि संध्याकाळी जुन्या फोटोंची उजळणी. पण लग्न न करता सगळं आयुष्य लोकांसाठी देईन, असा शब्द एखाद्याने दिला आणि त्या शब्दाला पन्नास वर्षं झाली, याचाही सोहळा असतो, हे मला फार उशिरा कळलं. कॅथलिक समाजात धर्मगुरूच्या दीक्षेला पंचवीस वर्षं झाली की रौप्यमहोत्सव आणि पन्नास झाली की सुवर्णमहोत्सव करतात.

हे कळलं ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामुळे. वसईजवळच्या नंदाखाल गावचे फादर. 1972 साली त्यांनी दीक्षा घेतली, म्हणजे 2022 मध्ये त्या व्रताला पन्नास वर्षं झाली. मठात राहणारे संन्यासी वेगळे आणि गावोगावच्या चर्चमधले धर्मगुरू वेगळे. फादर दुसऱ्या प्रकारातले, लोकांत राहून काम करणारे.

त्यांचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा निघालं ते 2019 साली. उस्मानाबादच्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली होती. या पदावर बसणारे ते पहिले ख्रिस्ती साहित्यिक. काहींनी विरोधही केला. आमच्याकडे जेवताना काका म्हणाले, "अरे, मराठीला दुसरं कोणी मिळालं नाही का?" मी गप्प राहिलो. काकांना उलट बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. पण खरं सांगायचं तर मला बोलता आलंच नसतं, कारण मी त्यांचं एक पानही वाचलेलं नव्हतं.

तेवढ्यात आठवीतल्या माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, आपण तरी मराठी कुठे वाचतो?" ती हे हिंदीत म्हणाली. ताटावर कोणीच काही बोललं नाही.

मग मी वाचायला लागलो. फादरांनी 1983 ते 2007 'सुवार्ता' हे मराठी मासिक चालवलं. बायबल सोप्या मराठीत आणलं. त्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. वसईतल्या विहिरी, केळीच्या बागा आणि शेतं बिल्डरांच्या घशात जाऊ नयेत म्हणून हरित वसई संरक्षण समितीतर्फे ते रस्त्यावर उतरले. पाणी आणि जमीन वाचवणं हासुद्धा त्यांच्या धर्माचाच भाग होता. जानेवारी 2020 मध्ये पाठीचं दुखणं घेऊन ते उस्मानाबादला आले.

आता आपल्या इंदूरकडे येऊ. 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. त्या मोहिमेत मल्हारराव होळकरही होते. आपण लहानपणी ज्यांच्या छत्र्यांभोवती लपाछपी खेळलो, त्याच घराण्याचे मूळ पुरुष. किल्ल्यावर भगवा चढला, पण वसईतली ख्रिस्ती गावं तिथेच राहिली आणि मराठीतच बोलत राहिली. सामवेदी, वाडवळी या तिथल्या बोली घराघरांत आजही ऐकू येतात. आपले पूर्वज होळकरांबरोबर माळव्यात आले आणि तेही मराठीच बोलत राहिले. दोघांची गोष्ट काही फार वेगळी नाही.

मराठी आणि ख्रिस्ती धर्म यांचं नातंही कालपरवाचं नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून गोव्याला आलेले जेझुइट संन्यासी. त्यांनी 'ख्रिस्तपुराण' ओवीत लिहिलं आणि ते 1616 मध्ये छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या! परक्या देशातल्या माणसाने आपली भाषा शिकून हे केलं. आणि आपल्या इंदूरला 1917, 1935 आणि 2001 अशी तीन वेळा साहित्य संमेलनं झाली, तरी आपल्या मुलांना जोडाक्षर अडतं.

एक दिवस काकांना मी 'सुबोध बायबल'मधली थोडी पानं वाचून दाखवली. डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे त्यांचं वाचन बंद होतं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "भाषा स्वच्छ आहे रे. उद्या पुढचं वाच." माफी वगैरे काही नाही. आमच्या काकांकडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ झालं. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात उशीर झाला, म्हणून मुलीला बसवलं. ती अडखळत वाचत होती आणि काका न रागावता शब्द सुधारून देत होते.

25 जुलै 2024 रोजी फादर गेले. बातमी मुलीनेच सांगितली, आणि मराठीत. काकांनी हात जोडले.

मुलांनो, तुमच्या घरीही एखादे आजी-आजोबा असतील, ज्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. रोज रात्री त्यांना एक पान मराठी वाचून दाखवा. पुस्तक कोणतंही चालेल. चुकलात तर ते सांगतीलच.