घरात मकाव, आळीभर आवाज

सकाळी उजाडता उजाडता निळा-पिवळा मकाव पोपट गळा मोकळा करतो आणि आख्खी इमारत जागी होते. शंभर डेसिबलच्या वर आवाज सहज जातो. नव्या शेजाऱ्यांना वाटतं, पक्ष्याला काहीतरी दुखतंय. खरं तर तो हजेरी घेत असतो. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात पहाटे पांगताना आणि तिन्हीसांजेला परतताना सगळा थवा असाच गलका करतो. दाट पानांत जोडीदार दिसत नाही, मग हाक मारायची आणि उत्तराची वाट बघायची. फ्लॅटमध्ये त्याचा थवा म्हणजे तुम्ही. तुम्ही आंघोळीला गेलात, दार लागलं, की झाली त्याची हाकाटी सुरू. त्यावर ‘गप्प बस!’ म्हणून खेकसलात तर त्याला हवं ते मिळालं: उत्तर! पुढची हाक आणखी खणखणीत येणार. मुरलेले पक्षीपाळक म्हणून आतल्या खोलीतून हलकी शीळ घालतात, रोज तीच. हळूहळू पक्षीही शिळेला शीळ द्यायला लागतो. गलका पूर्ण थांबत नाही, आणि थांबावा अशी अपेक्षाही धरू नये.

एवढा आवाज काढणाऱ्या या पक्ष्याला आपल्यासारखे स्वरतंतूच नसतात. श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे त्याचं ध्वनियंत्र असतं, आणि आवाजाला आकार देते ती जाडजूड जीभ. मकाव शब्द शिकतो, पण घोगरे. स्पष्ट पोपटपंची हवी असेल तर त्यात आफ्रिकन ग्रे पोपट त्याच्या कितीतरी पुढे आहे.

त्याला अक्रोड देऊन जवळून बघा. पोपटाच्या पायाला दोन बोटं पुढे, दोन मागे असतात, त्यामुळे पाय हातासारखा चालतो. बरेच मोठे पोपट डावरे असतात. तर डाव्या पायात अक्रोड धरायचा, काळ्या कोरड्या जिभेनं गोल गोल फिरवायचा, शिवण सापडली की खालच्या चोचीची धार तिथे टेकवायची. कट्! दोन वाट्या अलग होतात आणि गर जवळजवळ अखंड निघतो. हे चाललेलं असताना डोळ्यांच्या बाहुल्या झरझर लहान-मोठ्या होत असतात. ही खूण ओळखायला शिकणं फार गरजेचं, कारण इतक्या उत्तेजित पक्ष्यापुढे बोट धरणं धोक्याचं असतं.

गालांवरही नजर ठेवा. या जातीचे गाल जवळपास उघडे, पांढरे असतात आणि त्यांवर बारीक काळ्या पिसांच्या रेघा. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीचा माणूस मकावांकडे बघून बोलत असताना हे गाल जास्त वेळा लाल झालेले दिसले. पक्षी लाजतो की खूश होतो, ते त्यालाच ठाऊक.

पिसांच्या रंगाची गंमत वेगळीच. फ्लेमिंगो खाण्यातून गुलाबी होतो. पोपट मात्र आपले लाल-पिवळे रंग स्वतःच्या शरीरात तयार करतो, आणि ती रंगद्रव्यं पोपटांखेरीज कुठल्याच पक्ष्यात सापडत नाहीत. निळ्या रंगाचं तर द्रव्यच नसतं. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो आणि निळाई दिसते. या रंगांनी युरोपीय दर्यावर्दी इतके भुलले, की १५०२ सालच्या प्रसिद्ध कँटिनो नकाशात ब्राझीलच्या किनाऱ्यावर चक्क मोठाले पोपट रंगवलेत.

पोपटांतला सगळ्यात लांब म्हणजे जांभळट-निळा हायसिंथ मकाव, चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे एक मीटर. ब्राझीलच्या पांतानाल पाणथळीत तो मुख्यतः मांदुवी नावाच्या झाडाच्या ढोलीत घरटं करतो. या झाडाच्या बिया सर्वांत जास्त पसरवतो टोको टूकन पक्षी, आणि हाच टूकन मकावची अंडीही पळवतो! घर देणारा आणि पोरं नेणारा एकच.

स्वयंपाकघरात मात्र जिवाशी गाठ आहे. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट विषारी. मकाव घरी आणायचा असेल तर तवा लोखंडी वापरा, यात तडजोड नको.

आयुष्य? चांगली निगा राखली तर पन्नास वर्षं सहज. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा काकाकुवा २०१६ साली गेला तेव्हा ८३ वर्षांचा होता. चाळिशीत मकाव आणणाऱ्यानं त्याचा पुढचा पालकही तेव्हाच ठरवून ठेवावा.

आपल्याकडे कायद्याची एक बाब अनेकांना माहीतच नसते. अंगणातल्या आंब्यावर बसणारा हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, कारण वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलंय. मकाव परदेशी, म्हणून पाळता येतो. पण २०२४ च्या नियमांनुसार सरकारी ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. विकणारा कागदपत्रं द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथून सरळ निघावं.

आणि एकटेपणा. कंटाळलेला मकाव स्वतःचीच पिसं उपटतो, छाती उघडी पडेपर्यंत. यावर २०२३ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी एक भन्नाट प्रयोग प्रसिद्ध केला. घरगुती पोपटांना त्यांच्या मालकांनी घंटा वाजवून टॅबलेट मागायला आणि पडद्यावरच्या फोटोंतून मित्र निवडून व्हिडिओ कॉल लावायला शिकवलं. अठरा पक्ष्यांनी सुरुवात केली, तीन गळाले. कॉल जास्तीत जास्त पाच मिनिटांचा. पक्षी घाबरला किंवा कंटाळला की लगेच बंद. काहींची पलीकडच्या पक्ष्याशी पक्की दोस्ती जमली, काही त्याचं बघून नवे आवाज काढायला शिकले. आणि जे पक्षी सर्वांत जास्त कॉल लावत, त्यांनाच सर्वांत जास्त कॉल येत.